रेडिओला हार घातला, गाणे मात्र केले नाही

रेडिओ ऐकण्याविषयी गाणे रचावे असे इंग्रजीत गाणाऱ्या मंडळींना वारंवार वाटत आले आहे. कारपेंटर्स या बहीणभावाच्या जोडीने १९७३ मध्ये 'यस्टरडे वन्स मोअर' आणले. आवडीचे गाणे कधी लागते याची वाट पाहत रेडिओपाशी बसलेले बालपण त्यात आहे. १९७९ मध्ये बगल्स या ब्रिटिश जोडीचे 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' आले, आणि १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिने सर्वांत आधी हेच गाणे दाखवले. १९८४ मध्ये क्वीन या बँडचा ड्रमवादक रॉजर टेलर याने लिहिलेले 'रेडिओ गा गा' आले. ही नावे आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या मागेपुढे अशी गाणी इतकी आहेत की रेडिओ-गीत हा तिकडचा एक स्वतंत्र प्रकारच मानावा लागेल.

मराठीत हा प्रकार रुजला नाही. मामाच्या गावाला नेणाऱ्या आगीनगाडीवर आपण गाणे केले. टेलिफोनवरचे सर्वांत गाजलेले हिंदी गाणे १९४९ च्या 'पतंगा' चित्रपटात आले, आणि त्याला चाल लावणारे व शमशाद बेगम यांच्यासोबत ते गाणारे सी. रामचंद्र हे आपल्या पुणतांब्याचे. पण रोज भल्या पहाटे घरात बोलू लागणाऱ्या त्या पेटीवर, लोकांच्या ओठी बसेल असे मराठी गाणे झाले नाही. ज्या भाषेतले भावगीत रेडिओच्याच अंगाखांद्यावर खेळून मोठे झाले, त्या भाषेत हे घडावे याचे मला अनेक वर्षे आश्चर्य वाटत आले आहे. माझ्या मते या उणिवेचे कारण संगीतात शोधून सापडणार नाही. रेडिओशी आपले जे नाते जडले त्यात ते आहे, आणि मुंबईच्या हवेतल्या लहरींवर आज कोणाचा किती हक्क आहे या प्रश्नाशी ते थेट जोडलेले आहे.

रेडिओ-गीते म्हणजे जुन्या दिवसांची हुरहूर, असे मानून त्यांना बाजूला सारण्याची रीत आहे. हुरहूर त्यांत आहेच. पण ती कशाविषयी आहे हे पाहिले पाहिजे. कारपेंटर्सच्या गाण्यातल्या बालपणाला यंत्राचे कौतुक नाही. आपले गाणे लागेल की नाही हे आपल्या हाती नाही, ते कोणी दूरचा माणूस ठरवणार आहे, आणि लागलेच तर त्याच क्षणी ते आपल्यासारख्या हजारो घरांत लागलेले असणार आहे, या जाणिवेची ती हुरहूर आहे. ज्या अल्बमात हे गाणे आहे त्याच्या दुसऱ्या बाजूवर या जोडीने जुन्या गाण्यांची एक माळच गुंफली आणि तीत मधूनमधून रेडिओ-निवेदकाचे बोलणेही घातले. निवेदकावाचून ती आठवण पुरी होणार नाही, हे त्यांना कळले होते.

याहून मोलाची गाणी मात्र भांडणाची आहेत. द क्लॅश या बँडने १९७७ मध्ये 'कॅपिटल रेडिओ' नावाचे गाणे केले. लंडनमध्ये १९७३ मध्ये सुरू झालेल्या एका व्यापारी केंद्राचे नाव घेऊनच ते गाणे तक्रार करते की शहरातल्या तरुणांचे संगीत या केंद्राला नकोसे आहे. पुढच्याच वर्षी एल्व्हिस कॉस्टेलोने 'रेडिओ रेडिओ' गायले. ऐकणाऱ्यांना सुन्न करून ठेवू पाहणाऱ्यांच्या हाती रेडिओ गेला आहे, असा त्याचा आशय. 'रेडिओ गा गा' तर रेडिओलाच समोर बसवून बोलते, तुझा उत्तम काळ अजून यायचा आहे असे त्याला बजावते, आणि नुसती पार्श्वभूमीवरची बडबड होऊन राहू नकोस अशी विनवणी करते. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या मैदानात ७२ हजार लोकांनी एकाच ठेक्यावर हात वर करून टाळ्या वाजवल्या त्या याच गाण्याला. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी हा पाचगणीच्या वसतिगृहात राहून शिकलेला मुलगा होता, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याने ज्यासाठी आवाज लावला ती तक्रार मात्र आपण कधी आपली मानली नाही. माणूस भांडतो ते हक्क वाटतो तिथेच. रेडिओ माझा आहे आणि तो बिघडवला जात आहे, असे म्हणणारा श्रोता या गाण्यांत उभा आहे.

रेडिओची गाणी बहुधा रात्रीची का असतात, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणात उंचावर विद्युतभारित कणांचा एक खालचा थर तयार होतो आणि तो मध्यमलहरी (मीडियम वेव्ह) शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात, आणि दिवसा जिथे नुसती खरखर असते तिथे परगावचे केंद्र बोलू लागते. अमेरिकेत रेडिओ केंद्राला ५० किलोवॉटच्या वर शक्ती वापरण्यास बंदी होती. मेक्सिकोच्या हद्दीत उभारलेली केंद्रे ती मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडत आणि रात्री निम्म्या अमेरिकेत ऐकू येत. वॉल ऑफ वूडू या बँडचे 'मेक्सिकन रेडिओ' हे गाणे त्या केंद्रांवरचे आहे. जोनाथन रिचमनचे 'रोडरनर' हे बोस्टनबाहेरच्या १२८ क्रमांकाच्या रस्त्यावर रात्री रेडिओ लावून गाडी हाकण्याचे गाणे आहे. एकट्या माणसाला अंधारात दूरचा आवाज सोबत करतो, एवढाच त्याचा विषय, आणि तो पुरेसा आहे.

हा अनुभव मुंबईला नवा नव्हता. श्रीलंकेतले रेडिओ सिलोन हे केंद्र लघुलहरींवर (शॉर्टवेव्हवर) यायचे आणि त्या लहरी समुद्र व अर्धा देश ओलांडून, वरच्या थरांवर आपटत आपटत उतरायच्या. त्यामुळे आवाज भरतीसारखा जवळ यायचा, ओहोटीसारखा दूर जायचा, आणि ऐन कडव्याच्या वेळी दुसऱ्याच कुठल्या भाषेतले भाषण मध्ये घुसायचे. गिरगावातल्या आमच्या चाळीत बुधवारी रात्री आठ वाजता गॅलरीत उभे राहिले की चार खोल्यांतून येणारा तोच आवाज एकत्र ऐकू यायचा, आणि तो मंद झाला की चारही खोल्यांत एकाच वेळी कोणीतरी उठून काटा हलवायचे. तो आवाज 'बिनाका गीतमाला' सादर करणाऱ्या अमीन सयानी यांचा होता. कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा मुंबईतच, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज पुन्हा मुंबईत उतरायचा. याहून चांगला विषय गीतकाराला काय हवा होता? तरी गाणे झाले नाही.

माझे उत्तर असे आहे की रेडिओवर गाणे करायला आधी काट्यावर आपला हात असावा लागतो. अमेरिकेत केंद्रे खासगी होती, अनेक होती, एकमेकांशी स्पर्धा करत होती. पोराच्या उशाशी स्वतःचा ट्रान्झिस्टर आला तेव्हा त्याने काटा फिरवून आपले केंद्र निवडले, आणि निवडलेल्या वस्तूवर माणूस प्रेम करतो, रागावतो, गाणेही करतो. आपल्याकडे घरात एक संच, आणि त्यावर विणलेला रुमाल. त्याचे बटण आजोबांच्या ताब्यात. त्याचा परवाना पोस्टातून काढायचा, वर्षाला पैसे भरून नव्याने करून घ्यायचा. हा परवाना १९८० च्या दशकात जाईपर्यंत घरातला रेडिओ ही सरकारच्या दप्तरी नोंदलेली वस्तू होती. वास्तविक या देशातले संघटित प्रसारण सुरू झाले ते याच शहरात आणि खासगी कंपनीच्या हातून. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले, आणि त्यानंतर सुमारे साठ वर्षे या देशात रेडिओ म्हणजे सरकार हे समीकरण कोणी मोडले नाही.

या नात्याचे सर्वांत उजळ आणि सर्वांत बोलके रूप म्हणजे गीतरामायण. १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. त्या वेळी लोक अंघोळी करून बसत, रेडिओला हार घालत, पुढे उदबत्ती लावत, हे ज्यांच्या घरी घडले त्यांनी इतक्या वेळा सांगितले आहे की मराठी घराच्या आठवणीत त्याला जागाच मिळाली आहे. माझ्या आजीनेही हार घातला होता. त्यात हसण्यासारखे काही नाही. एका यंत्रातून आपल्या भाषेत, आपल्या ओवीच्या लयीत रामकथा येते आहे आणि ती शेजाऱ्यांच्या, परगावच्या, अनोळखी माणसांच्या घरीही त्याच घटकेला पोचते आहे, हे ज्या पिढीने पहिल्यांदा अनुभवले तिने हात जोडले. मराठी माणसाला देवाशी भांडता येत नाही असेही नाही. जनाबाईने विठ्ठलाला चारचौघांत शिव्या घातल्या आहेत आणि त्या आपण भक्तीनेच गातो. पण रेडिओ आपला विठ्ठल झाला नाही. तो दरबार राहिला, आणि दरबारात माणूस हार घालतो किंवा अर्ज करतो.

दरबाराने काय दिले आणि काय काढून घेतले, याचा हिशेब मात्र सरळ नाही, आणि आजच्या प्रश्नासाठी तो नीट मांडायला हवा. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले गृहस्थ माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते होते आणि चित्रपटगीतांविषयी त्यांना तीव्र नावड होती. आकाशवाणीवरची चित्रपटगीते कमी करण्यात आली आणि गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणेही जाहिरात ठरते म्हणून थांबवले गेले. निर्मात्यांनी आपल्या गाण्यांची परवानगीच काढून घेतली. गाणी आकाशवाणीवरून नाहीशी झाली, श्रोते सिलोनला गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. एक योगायोग सांगण्यासारखा आहे: 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' या गाण्यातला श्रोता ज्या वर्षी रेडिओवर ऐकलेल्या आवाजाची आठवण काढतो तेही १९५२ च आहे. तिकडे ज्या वर्षीचा आवाज नंतर हरवला म्हणून गाणे झाले, त्याच वर्षी इकडे आवाज हुकमाने बंद झाला. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू करून सरकारने आपली चूक व्यवहारात तरी मान्य केली.

पण केसकरांच्या धोरणाला दुसरी बाजूही होती. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले, कवींकडून गीते लिहून घेतली जाऊ लागली, संगीतकारांना महिन्याच्या पगारावर ठेवले गेले. मुंबई केंद्रावर यशवंत देवांसारखा संगीतकार होता, 'भावसरगम'सारखा कार्यक्रम होता, आणि चित्रपटात ज्याला जागा मिळाली नसती असे शांत, कवितेच्या बाजूने झुकलेले मराठी गाणे तिथे वाढले. बंदी फसली आणि निर्मिती फळाला आली. केसकरांचे नाव निघाले की पहिल्या भागावर बोट ठेवले जाते व दुसरा विसरला जातो. मला तो न्याय वाटत नाही. लोकांना आवडते ते हिसकावून घेऊन त्यांची अभिरुची बदलत नाही, हे खरे. कोणीतरी पदरमोड करून नवे गाणे करून घेतल्याशिवाय ते आपोआप उगवत नाही, हेही तितकेच खरे.

हिंदी चित्रपटाने रेडिओला अगदीच दूर ठेवले नाही. १९६० च्या 'बरसात की रात' मध्ये नायक रेडिओ केंद्रावरून गातो आणि नायिका दूर आपल्या घरी ऐकते. साऱ्या देशाला ऐकू जाणारे गाणे एका व्यक्तीसाठी आहे, हे फक्त तिलाच कळते. चित्रपटगीत आकाशवाणीवर परतून तेव्हा तीनेक वर्षेच झाली होती. पुढे खासगी एफएम आल्यावर २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये मुंबईच्या सकाळचे स्वागत करणारी निवेदिका आली. या दोन्ही ठिकाणी कॅमेरा बोलणाऱ्याकडे, गाणाऱ्याकडे आहे, किंवा ऐकणारी व्यक्ती प्रेयसी आहे. नुसता श्रोता, ज्याचा केंद्राशी काही संबंध नाही आणि तरी जो त्यावर हक्क सांगतो, तो इथेही आला नाही.

तो होता तो पोस्टकार्डात. माझ्या आईने 'आपली आवड' या मुंबई केंद्राच्या कार्यक्रमाला किती पत्रे लिहिली असतील याची गणती नाही. गाण्याचे नाव, गायक, चित्रपट असल्यास चित्रपट, आणि खाली घरातल्या सर्वांची नावे, त्यात शेजारच्या खोलीतल्या मुलांचीही, म्हणजे नावे भरगच्च दिसतील. हिंदीत झुमरी तलैया या गावाने फर्माईशी पाठवून पाठवून देशभर नाव मिळवले. मराठीत तेच काम शेकडो वाड्या-वस्त्यांनी, चाळींनी केले. निवेदक नावे वाचू लागला की घरात कोणी बोलायचे नाही. गाणे तर आईला पाठ होते, ते लागले नसते तरी ती म्हणू शकत होती. तिला हवा होता तो गाण्याआधीचा अर्धा मिनिट, ज्यात सरकारी आवाज गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीचा पत्ता उच्चारतो. माझ्या मते हीच आपली रेडिओ-गीते आहेत. ती गायली गेली नाहीत, वाचली गेली. पण केंद्र आणि श्रोता यांच्यात देवाणघेवाण व्हावी, ही त्यांतली इच्छा कॅपिटल रेडिओवर रागावलेल्या पोरांच्या इच्छेपेक्षा वेगळी नव्हती. फरक एवढाच की पोस्टकार्ड मागते, गाणे जाब विचारते.

आता आजच्याकडे येतो, कारण हा सगळा प्रपंच त्यासाठी आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. त्यानंतर काही वर्षांत एफएमच्या लहरींचे लिलाव झाले आणि २००२ पासून मुंबईत खासगी केंद्रे वाजू लागली. सरकारची मक्तेदारी गेली हे चांगलेच झाले. पण मालमत्ता सार्वजनिक असल्याचे निकालात लिहिले आणि परवान्यात मात्र त्यातले फार थोडे उतरले. लिलावात मोठी रक्कम मोजलेला चालक धोका पत्करत नाही. जे गाणे आधीच गाजले आहे तेच तो वाजवतो, शेजारचे केंद्रही तेच वाजवते, आणि काटा फिरवून काही उपयोग उरत नाही. या शहरातल्या खासगी केंद्रांचा बहुतेक वेळ हिंदी चित्रपटगीतांना जातो. महाराष्ट्राच्या राजधानीत, मराठी बोलणाऱ्या लाखो माणसांच्या डोक्यावरून जाणाऱ्या लहरींवर मराठी गाणे पाहुण्यासारखे येते: गुढीपाडव्याला, महाराष्ट्र दिनाला, गणपतीत. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मराठी आहे, पण ती मध्यमलहरींवर वाढली, आणि हातातल्या मोबाइलला मध्यमलहरी पकडताच येत नाहीत. ज्या फोनमध्ये एफएम आहे त्यात इअरफोनची वायर एरियलचे काम करते. ती वायरही आता गेली. फोनमधले एफएम बंद करू नये अशी सूचना केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाला २०२३ मध्ये उत्पादकांना करावी लागली, यावरून स्थिती कळते.

परवान्यांच्या अटींत श्रोता कुठे बसतो हे मला २६ जुलै २००५ च्या रात्री कळले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. शीवच्या पुढे बंद पडलेल्या बसमध्ये आम्ही चाळीसेक माणसे होतो, मोबाइल मुके झाले होते, आणि एका मुलाच्या छोट्या संचावर एफएमचा निवेदक अनोळखी माणसांचे निरोप वाचत होता: अमुक आजोबा दादरला सुखरूप आहेत, तमुक शाळेत मुले थांबवून ठेवली आहेत. आईची पोस्टकार्डे मला तेव्हा आठवली. त्या काळी खासगी केंद्रांना बातम्या देण्यास मनाई होती; पाऊस, वाहतूक आणि स्थानिक प्रशासनाने दिलेली आपत्तीची माहिती ही बातमी समजू नये, एवढी सूट २०११ च्या धोरणात मिळाली, आणि स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा तेव्हाही मिळाली नाही. त्या रात्री श्रोत्यांनी रेडिओ आपला करून घेतला होता, नियमाने तो त्यांचा नसतानाही.

मला हवे आहे ते थोडके आणि नेमके आहे. मुंबईतल्या खासगी केंद्रांच्या परवान्यात मराठी गाण्यांसाठी ठरावीक वाटा असावा, आणि त्या वाट्यातला मोठा भाग गेल्या दोन-तीन वर्षांत झालेल्या नव्या मराठी गाण्यांसाठी राखलेला असावा. पहाटे तीनच्या वेळी वाजवून अट पुरी करता येऊ नये. आकाशवाणीने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा खजिना, ज्यातला काही भाग विक्रीला आला आणि काही इंटरनेटवर आला, तो सूचीसह संपूर्ण खुला करावा, कारण तो श्रोत्यांच्या परवान्याच्या पैशातून उभा राहिला आहे. एके काळी टेप महाग म्हणून कितीतरी मुद्रणे पुसून त्यांवर नवी केली गेली. जे वाचले आहे ते कपाटात ठेवणे म्हणजे त्याच चुकीची दुसरी आवृत्ती.

यावर पहिली हरकत घेतली जाते ती अशी की ज्याला मराठी गाणे हवे आहे त्याच्या फोनमध्ये ते आहेच, मग रेडिओवर सक्ती कशाला. फोनमध्ये सर्व आहे, हे मान्य. पण फोनमध्ये मला तेच सापडते जे मला माहीत आहे, किंवा मला जे आवडले त्यासारखे. विक्रोळीतल्या एखाद्या मुलाने मराठीत रॅप केले किंवा डोंबिवलीतल्या मुलीने नवी गझल गायली, तर ती शोधण्यासाठी मला आधी तिचे नाव कळले पाहिजे. रेडिओ हे एकच साधन आहे की ज्यात रिक्षात बसलेल्या गुजराती आजीला, स्वयंपाकघरातल्या मालवणी बाईला आणि गाडीत अडकलेल्या तमिळ अभियंत्याला एकाच घटकेला न मागता तेच नवे गाणे ऐकू येते. कारपेंटर्सचे बालपण ज्या अनिश्चिततेची वाट पाहत होते ती फोनमध्ये नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. वाटा ठरवून देणे म्हणजे केसकरांचीच चूक पुन्हा करणे, लोक पुन्हा कुठल्यातरी सिलोनला जातील, असे म्हटले जाते. या भीतीचा मी आदर करतो, कारण ती अनुभवातून आलेली आहे. पण केसकरांनी आवडते ते बंद केले; वाटा ठरवणे म्हणजे आवडत्याच्या शेजारी जागा मोकळी करणे. कॅनडाने १९७१ मध्ये रेडिओवरच्या गाण्यांत ३० टक्के कॅनडाची असावीत असा नियम केला. फ्रान्समध्ये १९९६ पासून फ्रेंच गाण्यांसाठी ४० टक्के वाटा ठेवला गेला आणि त्यातला निम्मा नवोदितांसाठी किंवा नव्या गाण्यांसाठी होता. पुढे तो काहीसा शिथिल झाला. या दोन्ही देशांत लोकांनी रेडिओ सोडला नाही आणि इंग्रजी गाणेही बंद पडले नाही. शेजारी बलाढ्य भाषा असली की आपल्या भाषेच्या गाण्याला हवेत जागा राखून ठेवावी लागते, हे त्यांनी संकोच न करता मान्य केले. मुंबईत मराठीचे हिंदी चित्रपटसृष्टीशी असलेले नाते यापेक्षा फारसे निराळे नाही. हिंदी गाणे माझेही आहे, त्याला चाली लावणाऱ्यांत आपली कितीतरी माणसे होती. त्याच्याशी माझे वैर नाही. माझी तक्रार केंद्रचालकाच्या आळसाशी आहे.

खासगी केंद्रांचे सध्याचे परवाने पंधरा वर्षांचे आहेत आणि मुंबईतली जुनी केंद्रे २०१५ मध्ये या परवान्यांखाली आली. म्हणजे २०३० च्या सुमारास या शहराच्या लहरींच्या अटी नव्याने लिहिल्या जातील. त्याआधी दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, आपला मसुदा लोकांसमोर ठेवते आणि सूचना मागवते. त्या सूचना बहुतांशी केंद्रचालकांच्या आणि त्यांच्या संघटनांच्या असतात, कारण श्रोत्यांनी लिहायचे असते हे श्रोत्यांना कोणी सांगितलेले नसते. मी माझे पत्र आतापासून लिहायला घेतले आहे. आईच्या सवयीप्रमाणे त्याच्या खाली घरातल्या सगळ्यांची नावे घातली आहेत, शेजाऱ्यांना विचारून त्यांचीही, आणि पत्ता पिनकोडसह पुरा लिहिला आहे.